मरिनावरचं बर्फघर आणि फ्लॉरेन्सचा जेलाटो

शाळेच्या फाटकाबाहेर प्लास्टिकच्या लांबट पिशवीत गोठलेलं रंगीत सरबत मिळतं. मुलं त्याला 'पेप्सीकोला' म्हणतात. तो ज्यांनी चोखला आहे त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पहिल्या चार-पाच घोटांतच सगळा रंग आणि सगळी गोडी तोंडात येते, आणि हातात उरतो पांढराफटक, बेचव बर्फ. पिशवीत भरलं तेव्हा ते एकजीव सरबत होतं. मग गोठताना साखर एकीकडे आणि पाणी दुसरीकडे कसं गेलं?

युरोपच्या सहलीवर गेलेली चेन्नईतली मराठी मंडळी फ्लॉरेन्सला उतरली की गाइडनं दिलेल्या मोकळ्या वेळातला बराचसा जेलाटोच्या रांगेत जातो. 'जेलाटो' म्हणजे इटालियन भाषेत नुसतं 'गोठवलेलं'. त्यातही पाणी आणि साखरच असते, सोबत दूध. तरी पहिला चमचा आणि शेवटचा चमचा सारखाच मऊ, सारखाच गोड लागतो. तीच मंडळी चेन्नईला परततात, एखाद्या संध्याकाळी बेझंट नगरच्या समुद्रकिनारी जेलाटोचा कोन घेतात, आणि फोटो काढून होईपर्यंत ओघळ मनगटाशी पोचलेला असतो.

पेप्सीकोला पांढरा का पडतो, जेलाटो मऊ का राहतो आणि तो चेन्नईत इतक्या लवकर का पाघळतो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच धाग्यात आहेत. पाणी गोठताना काय करू पाहतं आणि कारागीर त्याला काय करू देत नाही, हा तो धागा.

पाण्याची पंगत

बर्फ म्हणजे पाण्याच्या कणांची पंगत. प्रत्येक कणाची जागा ठरलेली, ओळी आखलेल्या. या पंगतीत साखरेच्या कणाला पाटच मांडलेला नसतो. त्यामुळे पाणी गोठू लागलं की शुद्ध पाण्याचे स्फटिक तयार होतात आणि साखर, रंग, आंबटपणा हे सगळं बाहेर ढकललं जातं. स्फटिकांच्या फटींतून घट्ट पाक साचतो. पेप्सीकोला चोखणारं मूल हा पाक ओढून घेतं आणि पंगत तशीच मागे उरते.

हा उरलेला पाक मोठा कामाचा असतो. पाणी बर्फात जात राहतं तसतसा तो घट्ट होतो, आणि जितका घट्ट तितका गोठायला अवघड. घरच्या फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर ठेवलेल्या आइस्क्रीममधलंही सगळं पाणी गोठलेलं नसतं. साधारण तीन चतुर्थांश पाण्याचा बर्फ होतो, बाकीचं पाकाच्या रूपात स्फटिकांमध्ये वंगणासारखं पसरलेलं राहतं. म्हणून चमचा आत जातो. आजोबांना मधुमेह आहे म्हणून घरच्या आंब्याच्या आइस्क्रीममध्ये साखर निम्मी केली, की दुसऱ्या दिवशी डबा विटेसारखा कडक का होतो, त्याचं कारण हेच. साखर कमी पडली म्हणजे गोडी घटते, आणि वंगणही घटतं.

आता प्रश्न स्फटिकांच्या आकाराचा. माणसाचा केस मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही थोडा बारीक असतो. बर्फाचे स्फटिक त्याहून लहान, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आत राहिले, तर जिभेला ते वेगळे जाणवत नाहीत, सगळं सायीसारखं लागतं. त्याहून मोठे झाले की दाताखाली कचकच सुरू होते.

बारीक स्फटिक कसे मिळवायचे हे मराठी स्वयंपाकघराला वेगळं शिकवायला नको. साखरेचा घट्ट पाक दोरा सोडून हलवल्याशिवाय तसाच ठेवला, तर काही दिवसांत दोऱ्यावर खडीसाखर जमते. तोच पाक आच बंद करून भराभर घोटला, तर पिठासारखी बारीक साखर होते. निवांतपणा मिळाला की थोडेच स्फटिक जन्मतात आणि तेच वाढत बसतात. घाई आणि घोटणं असलं की असंख्य जन्मतात, पण एकालाही वाढायला वाव मिळत नाही. जेलाटोचं यंत्र नेमकं हेच करतं. थंडगार नळकांड्याच्या भिंतीला मिश्रण चिकटून गोठतं, फिरतं पातं ते लगेच खरवडून मधे आणतं, आणि पुन्हा नवा थर गोठतो. असं उभं यंत्र बोलोन्याच्या ओतेल्लो कात्ताब्रिगा याने 1920 च्या दशकात विजेवर चालवून दाखवलं. त्याच्याही आधी, 1843 मध्ये, अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी हातानं फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटचं पेटंट घेतलं होतं.

टस्कनी जहाज आणि आइस हाऊस

पण विजेच्या आधी मद्रासमध्ये थंडी आणायची कुठून? मरिनाच्या रस्त्यावर, तिरुवल्लिक्केणीजवळ, एक गोलसर दर्शनी भागाची जुनी इमारत आहे. आज तिचं नाव विवेकानंदर इल्लम. पण आसपासच्या वस्तीला आणि तिथल्या पोलिस ठाण्याला लोक अजूनही 'आइस हाऊस' म्हणतात. जिथे हिवाळ्यातही स्वेटर कपाटातच राहतो, त्या शहरात हे नाव आलं अमेरिकेतून.

बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर हिवाळ्यात न्यू इंग्लंडची तळी गोठली की बर्फाच्या लाद्या कापून जहाजांत भरायचा. 1833 मध्ये त्याचं जहाज 180 टन बर्फ घेऊन कोलकात्याला निघालं. चार महिन्यांचा प्रवास, तोही विषुववृत्त ओलांडून. तरी पोचलं तेव्हा सुमारे 100 टन शिल्लक होता. जहाजाचं नाव होतं 'टस्कनी'. फ्लॉरेन्स ज्या प्रांताची राजधानी आहे, त्याच प्रांताचं. पुढे कोलकाता, मुंबई आणि मद्रास अशा तिन्ही ठिकाणी बर्फ साठवायची घरं झाली. मद्रासचं 1842 मधलं, आणि तिघांपैकी तेवढंच आज उभं आहे.

हा बर्फ वाटेतच का संपला नाही, याची कारणं दोन. एक म्हणजे लाकडाचा भुसा. त्यात अडकलेली हवा बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. दुसरं म्हणजे बर्फाचा स्वतःचा चिवटपणा. 0 अंशाचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी 0 पासून 80 अंशांपर्यंत तापतं. पंगतीतून प्रत्येक कणाला उठवायला एवढी मेहनत पडते.

यंत्रावर बर्फ तयार होऊ लागला तसा ट्यूडरच्या धंद्याचा पाया सुटला. इमारत बिलिगिरी अय्यंगार या वकिलांकडे गेली, तिचं 'कॅसल कर्नन' असं नामकरण झालं, आणि 1897 च्या फेब्रुवारीत पाश्चात्त्य देशांतून परतलेले स्वामी विवेकानंद तिथे मुक्कामाला होते.

मिठाची करामत

मात्र नुसत्या बर्फानं आइस्क्रीम होत नाही. दुधा-साखरेचं मिश्रण गोठायलाच सुरुवात होते शून्याखाली दोन-तीन अंशांवर, आणि वितळता बर्फ तर शून्याशीच अडून बसलेला. इथे मीठ लागतं.

महाराष्ट्रात उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्यांच्या घरी लाकडी पॉट निघायचा, त्यांनी हे पाहिलेलं असतं. बाहेर लाकडी बादली, आत जस्ताचा किंवा पितळेचा उभा डबा, मधल्या जागेत बर्फाचा चुरा आणि खडेमीठ. वर गोणपाट टाकून एका पोरानं बसायचं आणि दुसऱ्यानं दांडा फिरवायचा. दांडा जड झाला की आइस्क्रीम झालं.

मीठ करतं काय? वितळत्या बर्फात पंगतीतून काही कण उठून पाण्यात जात असतात आणि तितकेच पाण्यातून येऊन बसत असतात. दोन्हींचा वेग सारखा असेपर्यंत तापमान शून्यावर राहतं. पाण्यात मीठ विरघळलं की त्याचे कण मधे गर्दी करतात. उठणारे उठतच राहतात, पण परत येऊन बसणाऱ्यांची वाट अडते. म्हणून बर्फ वितळत सुटतो. वितळायला उष्णता हवी, ती तो आजूबाजूच्या पाण्यातून आणि डब्यातल्या दुधातून ओढतो. असं करत बर्फ-मिठाचं मिश्रण उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकतं. म्हणजे बर्फ वितळतो म्हणून दूध गोठतं.

ही युक्ती जुनी आहे. नेपल्सच्या जाम्बात्तिस्ता देल्ला पोर्ता यानं 1589 च्या आपल्या ग्रंथात बर्फ आणि सोरा हा क्षार वापरून दारू गोठवायची कृती दिली. त्याच काळात अकबराच्या दरबारी पाणी गार करायला सोराच वापरत, याची नोंद 'ऐन-ए-अकबरी'त आहे. इटालियन लोकांचं 'सोर्बेत्तो' आणि आपलं 'सरबत' हे शब्द तर सख्खे भाऊच. अरबी मुळातून एक पश्चिमेला गेला, एक पूर्वेला.

हवा किती, साय किती

जेलाटो, आइस्क्रीम आणि कुल्फी यांतला फरक चवीचा कमी आणि बांधणीचा जास्त.

पहिला फरक हवेचा. पातं फिरताना मिश्रणात हवेचे बुडबुडे अडकतात. एक लिटर मिश्रणाचं दोन लिटर आइस्क्रीम झालं, तर त्यात निम्मी हवा आहे. हवा ही काही लबाडी नव्हे. बुडबुड्यांशिवाय आइस्क्रीम दगड होईल, आणि हवा उष्णता सहज आत येऊ देत नाही म्हणून हलकं आइस्क्रीम वितळायलाही वेळ लागतो. जेलाटोचं पातं सावकाश फिरतं, त्यामुळे लिटरमागे फार तर पाव-एक तृतीयांश लिटर हवा जाते. म्हणून तो घट्ट, जड, जवळजवळ लवचीक लागतो.

दुसरा फरक स्निग्धांशाचा. भारतात साध्या आइस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश किमान 10 टक्के असावा लागतो. जेलाटोत साय कमी आणि दूध जास्त, त्यामुळे तो बहुधा 4 ते 8 टक्क्यांत राहतो. साय जिभेवर पातळ लेप चढवते आणि चव हळूहळू सोडते. लेप पातळ असला की पिस्ता किंवा हेझलनट थेट भिडतो.

तिसरा फरक तापमानाचा. आइस्क्रीम साधारण उणे 18 अंशांवर साठवतात, तर जेलाटो उणे 12-13 च्या आसपास वाढतात. थंडीत जिभेची गोड ओळखणारी यंत्रणा मंदावते. म्हणूनच वितळून पातळ झालेलं आइस्क्रीम अचानक अति गोड वाटतं. जेलाटो कमी गार असल्यानं जीभ बधिर होत नाही आणि चव लवकर उमगते.

कुल्फी या दोघांपासून वेगळी. ती घोटत नाहीत, त्यामुळे तिच्यात हवा नाही. मग ती पेप्सीकोलासारखी का होत नाही? कारण गोठवायच्या आधीच आटवून तिच्यातलं पाणी घालवलेलं असतं. उरलेल्या पाण्यात दुधाची प्रथिनं आणि साखर इतकी दाटलेली असते की स्फटिकांना मोठं व्हायला पाणीच सापडत नाही. इटालियन कारागीर घोटून जे साधतो, ते मटका कुल्फीवाला चुलीवर साधतो. शिवाय उष्णता अडवणारी हवा कुल्फीत नसली, तरी तिच्या एका कांडीत बर्फ ठासून भरलेला असतो, त्यामुळे ती सावकाश वितळते.

जाता जाता एक गंमत. लग्नाच्या पंगतीत जो 'कसाटा' वाढला जातो, त्याचं नाव इटलीचं. सिसिलीत मात्र 'कसाता' म्हणजे रिकोटा चीज भरलेला केक, गोठवलेला नव्हे. 'टूटीफ्रूटी'चा अर्थही इटालियनमध्ये 'सगळी फळं' असा. आपल्याकडच्या त्या लाल-हिरव्या तुकड्यांत बहुतेक वेळा एकच फळ असतं, आणि ते म्हणजे कच्ची पपई.

गवार, शेवया आणि डिंक

मिश्रणात मोकळं फिरणारं पाणी जितकं कमी, तितके स्फटिक बारीक. म्हणून पाण्याला धरून ठेवणारे पदार्थ घालतात. इटलीच्या उत्तरेला अंड्याचा बलक वापरतात, सिसिलीत अंड्याऐवजी स्टार्च शिजवून घालतात. जगभरच्या आइस्क्रीमवाल्यांना लागणारा गवार गम येतो गवारीच्या बियांतून. तिचं सर्वांत मोठं पीक राजस्थानात येतं. भाजीला तोंड वाकडं करणारी मुलं आइस्क्रीममधून तीच गवार मजेनं खातात.

तमिळनाडूनं हे आपल्या पद्धतीनं साधलं आहे. इथल्या हातगाडीवर काडीचं 'कुच्ची ऐस' मिळतं. त्यातला एक लाडका प्रकार म्हणजे 'सेमिया ऐस'. सेमिया म्हणजे शेवया. दुधाच्या कांडीच्या टोकाला शिजवलेल्या शेवया गोठवलेल्या असतात. शेवयांतला स्टार्च पाणी शोषून धरतो, म्हणून ते टोक बाकीच्या कांडीपेक्षा मऊ राहतं. सिसिलीच्या कारागिराची आणि या गाडीवाल्याची युक्ती एकच. मदुराईच्या जिगरठंडामध्ये आटवलेलं दूध, नन्नारीचा म्हणजे उपळसरीचा पाक आणि आइस्क्रीम यांच्यासोबत 'बदाम पिसिन' असतो. हा झाडाचा डिंक. एक खडा रात्रभर भिजला की वाटी भरून जेलीसारखा फुगतो, इतकं पाणी तो धरून ठेवतो.

चेन्नईच्या आजच्या आइस्क्रीम धंद्याची एक मोठी वाटही अशाच कांड्यांपासून सुरू झाली. 1970 मध्ये आर. जी. चंद्रमोगन यांनी रॉयपुरम भागात छोट्या जागेत आइस कँडी तयार करायला घेतली. 'अरुण आइस्क्रीम' तिथून उभं राहिलं.

चौकट: दुकानात उभं राहून

• डब्यावर मिलिलिटर आणि ग्रॅम दोन्ही पाहावेत. भारतात साध्या आइस्क्रीमच्या एका लिटरचं वजन किमान 525 ग्रॅम असावं लागतं. आकडा जितका वर, तितकी हवा कमी.
• 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलं असेल तर त्यात दुधाच्या सायीऐवजी वनस्पती तेल किंवा चरबी असते. हा वेगळा पदार्थ आहे, भेसळ नव्हे.
• पिस्ता जेलाटो मळकट हिरवा असावा, पोपटी नव्हे. केळ्याचा फिकट करडा असतो, पिवळाधमक नव्हे.
• ट्रेच्या काठावर डोंगरासारखा चढवलेला जेलाटो उभा राहावा म्हणून बहुधा हवा किंवा घट्टपणा आणणारे पदार्थ वाढवलेले असतात.
• झाकणाच्या आतून बर्फाचे काटे दिसले, तर डबा वाटेत बहुधा एकदा तरी थोडा वितळून पुन्हा गोठला आहे.

चेन्नईची हवा

आता बेझंट नगरच्या त्या ओघळाकडे. चेन्नईपेक्षा मे महिन्यातलं नागपूर जास्त तापतं. तरी वारा सारखा असेल तर जेलाटोचा कोन चेन्नईत लवकर पाघळतो. कारण दमट हवा.

गार तांब्या बाहेरून घामेजतो तसंच कोनावर होतं. हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर येऊन पाणी होते, आणि वाफेचं पाणी होताना तिच्यातली लपलेली उष्णता सुटते. एक ग्रॅम वाफ जमली की सुटलेल्या उष्णतेत सात ग्रॅमांहून जास्त बर्फ वितळतो. नागपूरच्या कोरड्या हवेत हा हल्ला किरकोळ असतो. चेन्नईच्या किनाऱ्यावर वाफेनं आणलेली उष्णता तापलेल्या हवेनं दिलेल्या उष्णतेच्या बरोबरीला येऊ शकते. फ्लॉरेन्सचा उन्हाळा कडक असला तरी तिथल्या हवेत इतकी वाफ नसते. म्हणून तिथे चवीनं चाटत फिरायला वेळ मिळतो आणि इथे कपात घेऊन खाणं बरं पडतं. आधीच कमी गार आणि कमी हवेचा जेलाटो या हल्ल्यापुढे सर्वांत आधी हार मानतो.

डबा घरी नेताना दुसरंच संकट येतं. अड्यारहून तांबरमपर्यंत स्कूटरवर नेलेल्या डब्यात काठाचं आइस्क्रीम थोडं सुटतं. सगळ्यांत आधी वितळतात ते सर्वांत बारीक स्फटिक. घरी फ्रीझरमध्ये टाकलं की ते पाणी पुन्हा गोठतं, पण नवे बारीक स्फटिक जन्मत नाहीत. ते पाणी उरलेल्या मोठ्या स्फटिकांना जाऊन चिकटतं. पोटमाळ्यावर निवांत ठेवलेल्या पाकात खडीसाखर वाढते, तसंच. वीज जाऊन आली, दार वारंवार उघडलं, की दर वेळी खडे आणखी मोठे. डबा वर्तमानपत्राच्या दोन-तीन थरांत गुंडाळून, थर्मोकोलच्या खोक्यात बर्फासोबत नेला, तर नुकसान बरंच टळतं. ट्यूडरच्या भुशाचं काम इथे थर्मोकोल करतं. दोन्हींत अडकलेली हवाच कामी येते.

संध्याकाळी विवेकानंदर इल्लमसमोर रस्ता ओलांडून मरिनाच्या वाळूत उतरलं की गाड्यांची रांग लागते. सेमिया ऐस घेतलेलं मूल नेहमीच्या रीतीनं शेवयांच्या टोकापासून सुरुवात करतं. ते टोक संपतं, मग दुधाची गोडी चोखून होते, आणि काडीच्या बुडाशी, बोटांजवळ, पांढऱ्या बर्फाचा एक तुकडा उरतो. तो ते कुडूमकुडूम चावून टाकतं.